डॉक्टर साहेबांचे वेबकॅम आणि लिनक्सचा दरवाजा

बऱ्याच घरांत कपाटाच्या एखाद्या खणात जुना वेबकॅम पडून असतो. काच फुटलेली नाही, वायर तुटलेली नाही, तरी नव्या कॉम्प्युटरला जोडला की चालत नाही. दुकानदाराला दाखवला तर तो म्हणतो, "याचा ड्रायव्हर आता येत नाही, दुसरा घ्या." म्हणजे वस्तू चांगली आहे, पण तिची भाषा समजणारे कुणी उरलेले नाही. कंपनीने सोबत दिलेली सीडी जुन्या विंडोजपुरती होती. विंडोज बदलले, कंपनीने लक्ष काढून घेतले आणि चांगला कॅमेरा भंगारात गेला.

आज आम्ही अशाच कॅमेऱ्यांची एक खरी हकीकत सांगणार आहोत. मिशेल क्सार नावाच्या फ्रान्समधल्या एका डॉक्टरांनी आपल्या फावल्या वेळात २००हून जास्त वेबकॅम लिनक्सवर चालू करून दाखवले. लोकांनी त्यांना दुवा दिली. पण हे काम लिनक्सच्या गाभ्यात जायला काही वर्षे लागली आणि गेले तेव्हाही ते जसेच्या तसे गेले नाही. ते का अडले आणि शेवटी कसे आत गेले, हे कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माहीत असायला हवे असे आम्हाला वाटते. एकट्याने केलेले चांगले काम आणि सगळ्यांचे झालेले काम यात फरक असतो, तो या हकीकतीत नीट दिसतो.

कर्नेल आणि ड्रायव्हर

आधी दोन शब्द समजून घेऊ. कर्नेल म्हणजे फौजेतला कर्नल नव्हे. इंग्रजीत कर्नेल म्हणजे दाण्याच्या आतला गर, ज्याला आपण उर्दूत मगज म्हणतो. कॉम्प्युटरचा कर्नेल हा तसाच आतला भाग असतो. आपण वापरतो ते प्रोग्रॅम एका बाजूला आणि कीबोर्ड, डिस्क, कॅमेरा अशी यंत्रे दुसऱ्या बाजूला. या दोघांच्या मध्ये कर्नेल बसलेला असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणी कुठल्या यंत्राला हात लावायचा, हे तो ठरवतो.

लिनक्स हा असाच एक कर्नेल आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला सुरुवात केली आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की बदललेला कर्नेल दुसऱ्याला दिला तर त्याचा मूळ मजकूरही द्यायचा. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या आतही हाच लिनक्स कर्नेल असतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. कॅमेऱ्याला "चित्र मोठे कर", "उजेड वाढव", "थांब" हे त्याच्या भाषेत सांगणारा आणि तो जे देईल ते कर्नेलला समजेल असे पोहोचवणारा. दुभाषा नसेल तर कॅमेरा आणि कॉम्प्युटर शेजारी बसूनही एकमेकांशी मुके.

एकाच डब्यात वेगवेगळे जीव

वेबकॅममध्ये दोन मुख्य चिप असतात. एक सेन्सर, जो उजेड पकडतो. दुसरी त्या चित्राची बांधाबांध करून यूएसबीच्या वायरीत ढकलणारी. गंमत अशी की डब्यावरच्या नावावरून आत कुठली चिप आहे ते कळत नाही. एकाच कंपनीच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॅमेऱ्यांत वेगवेगळ्या चिप निघतात आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत एकच. म्हणून ड्रायव्हर लिहिणारा डब्याकडे पाहत नाही. प्रत्येक यूएसबी वस्तूला बनवणाऱ्याचा एक आणि मालाचा एक असे दोन ओळख-क्रमांक असतात, तो ते पाहतो.

आता थोडा हिशेब करू. वेबकॅमचे साधे चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ८४ लाख बाइट होतात. बिटांमध्ये सांगायचे तर १४७ मेगाबिट. त्या काळच्या यूएसबी १.१ वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट जायचे. एवढा माल एवढ्याशा गल्लीतून कसा जाणार? म्हणून चिप बनवणारी प्रत्येक कंपनी चित्र दाबून लहान करायची. कुणी जेपीईजी पद्धतीने, कुणी आपल्या स्वतःच्या पद्धतीने. ही पद्धत पुष्कळदा गुपित असायची. नेमके हे दाबलेले चित्र उलगडणे पुढे वादाचे कारण ठरले.

डॉक्टरांची मेहनत

कंपनीने माहिती दिली नाही तर कॅमेऱ्याची भाषा शिकायची कशी? लहान मूल बोलायला शिकते तशीच, ऐकून ऐकून. कॅमेरा विंडोजवर चालवायचा आणि वायरीतून जाणारा-येणारा प्रत्येक संदेश टिपून घ्यायचा. मग एकच गोष्ट बदलून पुन्हा टिपायचे. उजेड एका पायरीने वाढवला तर कुठला आकडा बदलला? चित्र लहान केले तर काय बदलले? अशा शेकडो पानांच्या नोंदी समोरासमोर ठेवून अंदाज बांधायचा, तो लिनक्सवर करून पाहायचा, चुकला की परत.

डॉ. क्सार यांनी हे एकदा नाही, कॅमेऱ्यामागून कॅमेरा घेऊन केले. त्यांच्या ड्रायव्हरचे नाव जीएसपीसीए. २००७ साली त्यावर बातमी आली तेव्हा चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा आकडा २३५ होता. त्या काळात लिनक्सवर वेबकॅम चालवायचा म्हटले की लोक त्यांचाच ड्रायव्हर उतरवून घ्यायचे.

मग अडचण काय होती?

बाहेरच्या ड्रायव्हरचे हाल

हा ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेर होता. म्हणजे लिनक्स घेतले की तो सोबत यायचा नाही. ज्याला हवा त्याने तो वेगळा उतरवायचा, आपल्या मशीनवर बांधायचा आणि मग जोडायचा. जाणकार माणूस हे करेल, पण शाळेतल्या बाई किंवा घरातले अब्बा कसे करणार?

आणि एकदा करून भागत नव्हते. कर्नेलची नवी आवृत्ती साधारण दर ९ ते १० आठवड्यांनी येते. लिनक्सवाल्यांचा एक नियम पक्का आहे: बाहेरचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत. पण कर्नेलच्या आतली रचना सोयीप्रमाणे बदलायची मोकळीक त्यांनी ठेवली आहे. ड्रायव्हर तर आतल्या रचनेला चिकटलेला. आतले एखादे फंक्शन बदलले की जो ड्रायव्हर आत आहे, तो बदल करणारा स्वतः दुरुस्त करून ठेवतो. जो बाहेर आहे त्याचे कुणी पाहत नाही, कारण तो कुणाच्या समोरच नसतो. मग बाहेरच्या ड्रायव्हरचा लेखक दर दोन-अडीच महिन्यांनी धावत राहतो. तो आजारी पडला, कामात अडकला, कंटाळला, की त्याच्यासोबत ते सगळे कॅमेरेही थांबतात.

एका माणसाच्या खांद्यावर २३५ कॅमेरे. कपाटातल्या वेबकॅमचे जे झाले तेच इथे व्हायची भीती होती. फरक एवढाच की तिथे कंपनीने हात काढला, इथे एक भला माणूस दमला असता.

दरवाजा कशामुळे अडला

तर मग सरळ आत का घेतला नाही? कारणे तीन होती आणि तिन्ही समजण्यासारखी आहेत.

पहिले कारण मोठे. दाबलेले चित्र उलगडून रंगीत चित्र बनवण्याचे काम हा ड्रायव्हर कर्नेलच्या आतच करायचा. वापरणाऱ्याला ते सोयीचे होते, लावला की चित्र दिसायचे. पण कर्नेल सांभाळणाऱ्यांचे म्हणणे असे की हे काम आतले नाही. एक उदाहरण घ्या. दावतीच्या दिवशी बाजारातून गोश्त आणि तांदूळ आणणाऱ्याचे काम माल नीट पोहोचवण्याचे. बिर्याणी बावर्चीच्या चुलीवरच व्हायला हवी. आणणाऱ्याने रस्त्यातच टेम्पोत चूल पेटवली तर एका ठिणगीत टेम्पो जाईल. कर्नेलचे तसेच आहे. साध्या प्रोग्रॅममध्ये गडबड झाली तर तो एकटा बंद पडतो. कर्नेलच्या आत गडबड झाली तर सगळा कॉम्प्युटर अडकतो, शिवाय चोराला आत शिरायला फट मिळते. म्हणून आत कमीत कमी काम, बाकीचे बाहेर.

दुसरे कारण, हा ड्रायव्हर कर्नेलशी व्हिडिओच्या जुन्या पद्धतीने बोलायचा. नवी पद्धत, व्हिडिओ फॉर लिनक्स २, येऊन काही वर्षे झाली होती आणि जुनी निरोपाच्या वाटेवर होती. २०११ साली ती कर्नेलमधून खरोखरच काढून टाकली गेली.

तिसरे कारण रचनेचे. सगळ्या चिपचा मजकूर एकाच मोठ्या गाठोड्यात होता. एका चिपसाठी काही बदलायचे म्हटले तर सगळे गाठोडे हातात घ्यावे लागायचे. २३५ कॅमेऱ्यांची परीक्षा एका माणसाला जमेल, पण दहा अनोळखी माणसांनी मिळून सांभाळायचे तर प्रत्येकाला आपापला कप्पा हवा.

यात डॉक्टर साहेबांच्या मेहनतीबद्दल कुणाला शंका नव्हती. कॅमेरे चालत होते. पण "आज माझ्याकडे चालते" आणि "दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातात चालेल" या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कर्नेल दुसरी परीक्षा घेतो.

दुसऱ्याच्या हातून आत

मार्ग निघाला तो काम वाटून घेतल्यामुळे. फ्रान्समधल्याच जाँ-फ्रान्स्वा मोइन यांनी ड्रायव्हर नव्याने मांडला. मध्ये एक सामाईक भाग ठेवला, जो सगळ्या कॅमेऱ्यांना लागतो. प्रत्येक प्रकारच्या चिपसाठी वेगळा छोटा भाग केला. कर्नेलशी बोलण्याची पद्धत नवी केली. चित्र उलगडण्याचे काम आतून काढून टाकले. कॅमेरा देईल तसे चित्र बाहेर द्यायचे, बस.

मग ते चित्र उलगडणार कोण? नेदरलँड्सच्या हान्स द गोएडे यांनी त्यासाठी लिबव्ही४एल नावाची लायब्ररी लिहिली. ती कर्नेलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमच्या शेजारी बसते, प्रत्येक चिपचे दाबलेले चित्र उलगडते आणि प्रोग्रॅमला समजेल असे रंगीत चित्र देते. जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅमही चालावेत म्हणून तिच्यात सोय होती. त्या वेळच्या स्काइपसारखे प्रोग्रॅम या लायब्ररीच्या आधाराने चालवता यायचे, प्रोग्रॅमला पत्ताही लागायचा नाही. बिर्याणी बावर्चीच्या हाती गेली.

९ ऑक्टोबर २००८ रोजी लिनक्स कर्नेलची २.६.२७ ही आवृत्ती निघाली आणि जीएसपीसीए तिच्यात होता. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या २.६.२६ मध्ये आणखी एक ड्रायव्हर आत आला होता, लोराँ पिंशार यांचा यूव्हीसी ड्रायव्हर. यूव्हीसी म्हणजे कॅमेऱ्यांसाठी सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली एक सामाईक भाषा. आजचे बहुतेक नवे वेबकॅम आणि लॅपटॉपचे कॅमेरे हीच भाषा बोलतात, म्हणून ते लावले की चालतात. ज्यांना ही भाषा येत नव्हती त्या जुन्या कॅमेऱ्यांना जीएसपीसीएने सांभाळले. काही महिन्यांच्या आत नवे-जुने दोन्ही कॅमेरे लिनक्सच्या घरात आले.

आत जायची रीत

कुणी तरुण विचारेल, मी असे काही लिहिले तर कुठे द्यायचे? रीत साधी आहे, पण कडक आहे.

आपला बदल लहान-लहान तुकड्यांत करायचा. एका तुकड्यात एकच गोष्ट. त्याला पॅच म्हणतात. प्रत्येक पॅचबरोबर साध्या भाषेत लिहायचे की हे का केले. काय केले ते मजकुरात दिसतेच, का केले ते सांगावे लागते. लिहिण्याची शिस्तही ठरलेली आहे: ओळ आत सरकवायची तर टॅबने, ८ जागा. एक तपासनीस प्रोग्रॅम पाठवण्याआधीच असल्या चुका दाखवतो. आम्ही वहीत समास सोडायला सांगतो तेव्हा मुले तोंड वाकडे करतात, त्यांना हे जरूर सांगावे.

मग तो पॅच साध्या ईमेलने त्या विभागाच्या लोकांकडे जातो. सगळ्यांसमोर. लोक ओळ-ओळ वाचतात आणि तोंडावर सांगतात: इथे मेमरी परत केली नाही, हे नाव चुकीचे, हे दुसऱ्याने आधीच केले आहे. आपण दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवायची, मग तिसरी. पाच-सहा फेऱ्या होणे नवलाचे नाही. पॅचखाली लेखकाला स्वतःच्या नावाची एक ओळ लिहावी लागते, जिचा अर्थ असा की हे काम द्यायचा मला हक्क आहे. ही पद्धत २००४ साली सुरू झाली. पुढे ज्याच्या ज्याच्या हातून पॅच वर जातो तो आपली ओळ जोडतो. ज्याने तपासले त्याचे नाव, ज्याने आपल्या यंत्रावर चालवून पाहिले त्याचेही नाव.

विभाग सांभाळणारा तो आपल्या संग्रहात घेतो आणि तिथून तो टोरवाल्ड्स यांच्याकडे जातो. नवी आवृत्ती निघाली की पुढच्या आवृत्तीसाठी दरवाजा साधारण २ आठवडे उघडतो. मग बंद. पुढचे ७-८ आठवडे फक्त दुरुस्ती. चुकलात तर पुढच्या फेरीला या, रागवायचे कारण नाही. हल्ली एकेका आवृत्तीत १०,०००हून जास्त बदल जातात, म्हणून ही शिस्त नसेल तर सगळा गोंधळ होईल.

गुपित ठेवले तर काय होते

याच काळातली एक उलट गोष्टही आहे. फिलिप्सच्या वेबकॅमचा ड्रायव्हर नेमोसॉफ्ट या टोपणनावाने काम करणाऱ्या एका माणसाने लिहिला होता आणि तो कर्नेलमध्ये होता. पण मोठे, चांगले चित्र उलगडण्याची पद्धत कंपनीने त्याला गुप्ततेच्या करारावर दिली होती. म्हणून तो भाग त्याने वेगळा, बंद ठेवला आणि कर्नेलमधल्या ड्रायव्हरला तो अडकवण्यासाठी एक हुक ठेवला. ऑगस्ट २००४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो हुक काढला. फक्त बंद मजकुरासाठी कर्नेलमध्ये जागा ठेवता येत नाही, हे कारण. लेखक नाराज झाला आणि म्हणाला, मग माझा सगळा ड्रायव्हरच काढा. तो काढला गेला. ज्यांच्याकडे ते कॅमेरे होते ते लोक दोन्ही बाजूंवर चिडले.

पुढे ल्यूक सायार यांनी ती गुप्त पद्धत अभ्यासाने उलगडली, सगळे खुले केले आणि ड्रायव्हर परत आला. नेमोसॉफ्टची अडचण खरी होती, त्याने शब्द दिला होता आणि तो पाळला. पण ज्या कामाची अर्धी किल्ली एकाच्या खिशात आहे, ते काम त्याच्या मर्जीवर राहते. डॉ. क्सार यांनी काहीच खिशात ठेवले नव्हते. म्हणून दुसऱ्याला ते उचलून नव्याने मांडता आले.

आपल्या घरांसाठी

हे सगळे दूरचे वाटेल, पण सुरुवात घरातून होते. कपाटातला वेबकॅम फेकण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून त्याला जोडून पाहा. विंडोज पुसावे लागत नाही. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की कॅमेऱ्याचे दोन्ही ओळख-क्रमांक दिसतात. जुना कॅमेरा जीएसपीसीएच्या यादीत असण्याची चांगली शक्यता असते. चालला तर शाळेला, मदरशाला, मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीला अभ्यासासाठी द्या. जुना कॉम्प्युटरही असाच वाचतो. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, आणि आपल्या मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतही मिळतात.

आणि ज्यांची मुले इंजिनीअरिंग किंवा बीएस्सीला आहेत, त्यांना सांगा की इथे कुणी मार्कशीट मागत नाही, नाव-गाव विचारून दरवाजा लावत नाही. पुष्कळदा नवा कॅमेरा चालू करायला यादीत त्याच्या ओळख-क्रमांकाची एक ओळ वाढवणे पुरते. तेवढा पॅचही नावासकट नोंदला जातो. आपल्याकडे तो कॅमेरा आहे आणि आपण तो तपासून सांगितला, एवढ्यानेही नाव लागते. सहन मात्र एक गोष्ट करावी लागते: आपल्या कामातली चूक सगळ्यांसमोर दाखवली जाईल आणि कदाचित आपण लिहिलेले कुणी दुसराच पुसून नव्याने लिहील.

डॉक्टर साहेबांच्या कामाचे तेच झाले. पण कर्नेलमध्ये पीएसी२०७ या चिपच्या ड्रायव्हरची फाइल आजही उघडून पाहा. वरच्याच ओळींत हान्स द गोएडे यांचे नाव आणि २००८ साल आहे, आणि त्याच्याखाली २००५ सालासकट मिशेल क्सार यांचे. मजकूर बदलला, हात बदलले, नाव पुसले गेले नाही. आणि कॅमेरे आता एका माणसावर अवलंबून राहिलेले नाहीत.